मूल रुवैसला येतं तेव्हा

अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे 240 किलोमीटरवर, समुद्राकाठी रुवैस आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला इथे रिफायनरी सुरू झाली आणि तिच्याभोवती वाळवंटात वसाहत उभी राहिली. तेल आणि रसायन उद्योगात अनुभव घेतलेली मराठी माणसंही इथे नोकरीला येतात. बहुधा आधी बाबा येतात. घर आणि व्हिसा मार्गी लागला की मागाहून आई आणि मुलं. या मधल्या महिन्यांत मुलांबाबत घेतलेले बरेच निर्णय ऐकीव समजुतींवर उभे असतात आणि ते निस्तरावे लागतात मुलांना.

गैरसमज : तिकीट हातात येईपर्यंत मुलांना सांगू नये.

मुलांना सुगावा लागतोच. दबक्या आवाजातले फोन, पासपोर्टचे फोटो, शाळा सोडल्याच्या दाखल्याची चौकशी, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं. चार-पाच वर्षांचं मूल तर घरातल्या ताणाला आपणच कारणीभूत आहोत असं धरून बसतं. एवढ्या लहानांना दोन-तीन आठवडे आधी सांगितलेलं पुरतं, कारण त्यापुढचा काळ त्यांच्या हिशोबात बसत नाही. दहा-बारा वर्षांपुढच्यांना मात्र निर्णय झाल्याझाल्या सांगायला हवं. आणि जाणं ठरलेलंच असेल तर ‘जायचं का?’ असं विचारू नये. जिथे खरोखर निवड आहे तिथे ती मुलाला करू द्यावी.

बॅग भरणं ही अशी एक जागा. वजन जास्त भरलं की सर्वांत आधी बाहेर निघते ती मुलाची विटकी गोधडी, ‘तिथे नवीन घेऊ’ म्हणून. नव्या घरातल्या पहिल्या रात्री झोप लागायला ओळखीच्या वासाची तीच गोधडी लागते. चार भांडी कमी न्यावीत, पण ती न्यावी.

गैरसमज : उन्हाळ्याच्या सुट्टीत नेलं की शाळेआधी रुळायला वेळ मिळतो.

पुण्याहून नाशिकला जाताना हे खरं असेल. रुवैसमध्ये नाही. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी असते. जूनअखेर आलेल्या मुलाच्या वाट्याला काय येतं? बाहेर पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं ऊन, वर समुद्राचा दमटपणा. बाग सूर्य कलल्यावरच जरा सुसह्य होते, आणि त्या दिवसांत बरोबरीची बरीच मुलं भारतात आजोळी गेलेली असतात. बाबा कामावर, आई नव्या घरात एकटी, मूल पडद्यासमोर. दोन महिने असे गेले की ‘मला इथे आवडत नाही’ हे मत पक्कं होतं, आणि त्यात मुलाची काहीच चूक नसते.

जमत असेल तर मार्चअखेर यावं, म्हणजे वर्गात सगळ्यांचीच सुरुवात असते. राज्य मंडळाच्या शाळेची परीक्षा आड येत असेल तर आधी इथल्या शाळेशी बोलून घ्यावं. तेही शक्य नसेल तर सुट्टी आजी-आजोबांकडे काढून ऑगस्टच्या शेवटी आलेलं बरं.

गैरसमज : मोठ्या मुलांना फारसा त्रास होत नाही, त्यांचे मित्र फोनवर असतातच.

लहान मुलं त्रास दाखवतात: अंथरूण ओलं होतं, अंगठा पुन्हा तोंडात जातो, आई दिसेनाशी झाली की रडं. मोठी दाखवत नाहीत, एवढाच फरक. डेन्मार्कमध्ये 1971 ते 1997 दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बालपणी घर बदलणं आणि पुढे उद्भवणारे मानसिक त्रास यांचा संबंध बाराव्या ते चौदाव्या वर्षी घर बदललेल्यांत सर्वांत ठळक दिसला. हा संबंध आहे, कारण नव्हे, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण आठवीतल्या मुलीच्या गप्प बसण्याला ‘समजूतदार झाली’ म्हणून मोकळंही होऊ नये. झोप, जेवण, शाळेत जाणं यांतलं काही आठवडेच्या आठवडे बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांशी किंवा शाळेतल्या समुपदेशकांशी बोलावं.

फोनचंही एक आहे. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत. बोटिमसारखं चालणारं ॲप निघण्यापूर्वीच आजीच्या आणि जिवलग मित्राच्या फोनवर घालून द्यावं.

गैरसमज : आता घरी इंग्रजीच बोलावं.

गरज नाही. इंग्रजी शाळेत येते, वर अरबीही शिकावी लागते. दिवसभराचं रडगाणं मनमोकळं गायला घरात मराठीच हवी.

गैरसमज : एकदा रुळलं की प्रश्न मिटला.

रुवैसचं हे दुखणं बाहेरच्यांना कळत नाही. इथे घर बहुतेकदा कंपनीचं आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. करार संपला की कुटुंब निघतं. त्यामुळे जे मूल इथेच राहतं, त्याचेही मित्र जात राहतात. जाणाऱ्याला निरोपाची पार्टी मिळते. मागे राहणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, कारण त्याचं घर तर तेच असतं. असं दोनतीनदा झालं की काही मुलं नवी मैत्रीच टाळू लागतात. अशा वेळी ‘दुसरे मित्र मिळतील’ हे वाक्य गिळावं आणि मूल त्या मित्राबद्दल बोलत असेल तेवढं ऐकावं. मित्र जाण्याआधी त्याच्या घरी एक दिवस राहू द्यावं, दोघांचा एक फोटो छापून द्यावा. पुढच्या एप्रिलमध्ये वर्गात नवं मूल आलं की त्याला शाळा दाखवायचं काम आपल्या मुलाला द्यावं, अशी विनंती वर्गशिक्षिकेला करता येते.