वाहननिदान, आभासी संगणकावरील
वाहनाच्या एंजिनाचे व इतर यंत्रणांचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाशी संगणक जोडून त्यातील दोषसंकेत वाचणे, दुरुस्तीनंतर ते पुसणे आणि प्रसंगी नियंत्रकातील कार्यक्रम बदलणे, या कामांसाठी केलेल्या आज्ञावलीस निदान आज्ञावली म्हणतात. ती प्रत्यक्ष संगणकाऐवजी त्याच्या आत निर्माण केलेल्या आभासी संगणकात चालविण्याची पद्धत दुरुस्तीच्या कामात उपयोगी पडते. आभासी संगणक म्हणजे यजमान संगणकाची स्मृती व प्रक्रियक यांचा काही हिस्सा राखून त्यावर स्वतंत्रपणे चालणारी दुसरी परिचालन प्रणाली होय. आयबीएम कंपनीने मोठ्या संगणकांसाठी १९६०–७० या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. वैयक्तिक संगणकावर ती १९९९ पासून व्हीएमवेअर कंपनीच्या आज्ञावलीमुळे रुळली.

भारतात चारचाकी वाहनांना वाहनारूढ निदानव्यवस्था २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत टप्पा ६ या मानकाने ती अधिक कडक केली. विक्रीपूर्वी वाहनाच्या आदिरूपाची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था ही त्यांपैकी एक होय. तथापि विक्रीनंतर वाहनाचा संबंध येतो तो गावोगावच्या दुरुस्तीशाळांशी. ऊस, कांदा व दूध यांची वाहतूक करणाऱ्या या जिल्ह्यात एक वाहन अनेक दिवस उभे राहणे म्हणजे थेट नुकसान. वाहन पंधरा-वीस वर्षे चालते. परिचालन प्रणालीचे आयुष्य तेवढे नसते. विंडोज एक्सपी या प्रणालीचा आधार उत्पादकाने एप्रिल २०१४ मध्ये थांबविला, पण तिच्यासाठीच लिहिलेल्या अनेक निदान आज्ञावली नव्या संगणकावर चालत नाहीत. अशी जुनी प्रणाली आभासी संगणकात जपता येते. तिचा जालसंबंध तोडून ठेवल्यास तिच्या असुरक्षिततेचा उपद्रव यजमान संगणकास सहसा होत नाही. शिवाय सुस्थितीची प्रत राखून बिघाडानंतर त्या स्थितीस परतता येते.

खरी अडचण असते ती कालमापनाची. जुन्या वाहनांतील एकतारी संदेशवहनात (‘के’ तार) जोडणी सुरू करताना निदान यंत्र सेकंदाला ५ बिट या अतिमंद वेगाने पत्ता पाठविते, यास सु. २ सेकंद लागतात. नियंत्रकाने पाठविलेल्या ओळखसंकेतांपैकी दुसऱ्याचे व्यस्त रूप निदान यंत्राने २५ ते ५० मिलिसेकंदांत परत पाठवावे लागते. साध्या जोडतारेतील यूएसबी रूपांतरक आलेली अक्षरे १६ मिलिसेकंदांपर्यंत अडवून ठेवू शकतो. त्यात आभासी संगणकातून जाणाऱ्या यूएसबी मार्गाचा विलंब मिळाला, की ही मुदत हुकते व जोडणी तुटते. वाहन सदोष नसतानाही ‘नियंत्रक सापडत नाही’ असा संदेश दिसतो, आणि अननुभवी कारागीर चांगला नियंत्रक बदलावयास निघतो. जोडणी-साधनात स्वतःचा सूक्ष्मप्रक्रियक असेल, तर कालमापन तेथेच सांभाळले जाते व आभासी संगणकाच्या विलंबाने बहुधा काही बिघडत नाही. सेकंदाला ५ लक्ष बिट वेगाच्या ‘कॅन’ वाहिनीसाठी असेच साधन लागते.

दोषसंकेत वाचताना संपर्क तुटल्यास पुन्हा जोडता येते. नियंत्रकातील कार्यक्रम बदलताना मात्र तसे नाही. जुना कार्यक्रम पुसला गेला आणि नवा अर्धवट लिहिला गेला, तर एंजिन सुरूच होत नाही, व कित्येकदा नियंत्रक काढून मेजावर दुरुस्त करावा लागतो. यजमान संगणक झोपी जाणे किंवा यूएसबी साधन मध्येच यजमानाकडे परत जाणे एवढे कारणही त्यास पुरते. म्हणून वाचनासाठी आभासी संगणक व लेखनासाठी उत्पादकाने मान्य केलेला प्रत्यक्ष संगणक, अशी विभागणी करणे इष्ट. लेखनाच्या वेळी वाहनाच्या विद्युत् घटमालेस स्थिर दाबाचा पुरवठा जोडणेही आवश्यक असते. काही आज्ञावलींचा परवाना संगणकाच्या यंत्रसामग्रीशी बांधलेला असतो. आभासी संगणकाची रचना बदलल्यास तो रद्द होऊ शकतो.