उपचार संपले, उदासी उरली : तरुण कर्करोगमुक्तांना मोबाईल अ‍ॅपचा आधार कितपत?

कर्करोगाचे उपचार संपले की घरात आनंद होतो. नातेवाईक भेटून जातात, कृतज्ञतेची मिस्सा अर्पण केली जाते. काही महिन्यांनी मात्र त्याच घरातला बरा झालेला तरुण खोलीबाहेर येईनासा होतो. जेवणावर त्याची वासना राहत नाही, मित्रांचे फोन तो उचलत नाही. 'आता तर सारे ठीक झाले, मग याला झाले तरी काय?' असा प्रश्न आईवडिलांना पडतो. अनेकदा याचे उत्तर 'नैराश्य' असे असते. नैराश्य हा आजार आहे. तो कृतघ्नपणा नव्हे आणि श्रद्धेची उणीवही नव्हे. अशा तरुणांसाठी आता मोबाईलवर अ‍ॅप्स उपलब्ध आहेत. ती काय करू शकतात आणि त्यांची मर्यादा कोठे येते, हे प्रस्तुत लेखात आपण पाहू.

उपचारानंतरचा एकटेपणा

उपचार चालू असताना रुग्णाभोवती डॉक्टर, परिचारिका आणि शेजारच्या खाटेवरचा सोबती असतो. उपचार संपताच हे वर्तुळ विरते, भीती मात्र उरते. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. वैद्यकशास्त्र ज्यांना 'तरुण रुग्ण' म्हणते त्यांचे वय साधारण १५ ते ३९ वर्षे असते. शिक्षण, नोकरी, विवाह, मूलबाळ हे सारे प्रश्न याच वयात उभे राहतात.

आपल्या भंडारा जिल्ह्यात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. खर्ऱ्याचे व्यसन विदर्भात कोवळ्या वयात लागते आणि तोंडाचा कर्करोग तरुणांनाही गाठतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदलतो, उच्चार अस्पष्ट होतात, चारचौघांत जेवायला संकोच वाटतो. कर्करोगाची मोठी रुग्णालये नागपूरला आहेत. भंडारा शहरापासून ती सुमारे ६० किलोमीटरवर, तर साकोलीकडच्या गावांपासून शंभराच्या आसपास. ट्यूमरच्या तपासणीसाठी माणूस एवढा प्रवास करतो. 'मन लागत नाही' हे सांगण्यासाठी तो बसमध्ये बसत नाही. मोबाईलचे महत्त्व इथेच आहे.

बरे झालेल्यांचीही काळजी घ्यावी लागते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बालपणी कर्करोग झालेल्यांच्या उपचारोत्तर देखरेखीसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने अशा कर्करोगमुक्त तरुणांचा 'उगम' हा गट उभा राहिला. या वाटेवरून आधी चालून गेलेल्याचा शब्द नव्या माणसाला धीर देतो, हे अशा गटांचे मर्म होय.

अ‍ॅप काम कसे करते?

बहुतेक अ‍ॅप्स तीन गोष्टी करतात. पहिली, मनाची मोजणी. 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात : झोप, भूक, थकवा, एकाग्रता, जगणे नकोसे वाटणे इत्यादी. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक झाली तर डॉक्टरांना भेटावे, असा संकेत आहे.

दुसरी गोष्ट, विचारांची तपासणी. 'रुग्णालयाने पुन्हा बोलावले, म्हणजे आजार उलटलाच,' असे मन म्हणते. अ‍ॅप तो विचार लिहून काढायला लावते, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा विचारते. त्याचबरोबर रोज एक लहानसे काम ठरवायला सांगते : सकाळी तळ्यापर्यंत चालून येणे, एका मित्राला निरोप पाठवणे. उत्साह आला की काम करू, असे नैराश्यात म्हणून चालत नाही. आधी काम, मग हळूहळू उत्साह, असा तो क्रम आहे. ज्याला बोलण्याचा संकोच वाटतो, त्याला लिहून व्यक्त होण्याची ही सोय मोलाची वाटेल.

तिसरी गोष्ट, समुपदेशकाशी जोडून देणे. आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पहिले दोन-तीन आठवडे सरले की बरेच जण अ‍ॅप उघडणे सोडून देतात. मागे कोणी विचारणारा असेल तर उपयोग टिकतो. अमेरिकेत २०२४ मध्ये नैराश्यावरील 'रिजॉइन' या अ‍ॅपला शासकीय मान्यता मिळाली. तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि औषधांच्या जोडीनेच वापरण्यासाठी आहे.

कर्करोगमुक्तांनी घ्यावयाची दक्षता

थकवा, भूक मंदावणे, झोप बिघडणे ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच ती उपचारांचे परिणामही असू शकतात. मानेवर किरणोपचार झाले असतील तर कालांतराने थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते. मग माणूस सुस्त आणि उदास दिसतो. रक्त कमी असले तरी तसेच होते. हा भेद अ‍ॅपला कळत नाही, रक्ततपासणीने कळतो. तसेच नैराश्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाचा परिणाम यांपैकी काही गोळ्यांमुळे कमी होऊ शकतो.

अ‍ॅप निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ते आपल्याला नीट समजणाऱ्या भाषेत आहे काय? आपली माहिती ते कोणाला देते, आणि ती पुसून टाकता येते काय? संकटाच्या वेळी ते खऱ्या माणसापर्यंत पोहोचवते काय? घरात एकच फोन सर्वांच्या हाती असेल, तर अ‍ॅपला कुलूप घालणेही गरजेचे आहे.

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते. साधा फोनही त्यासाठी पुरतो. तिचे अ‍ॅप १० ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध आहे. सुरुवात येथून करावी, असे आम्ही सुचवतो.

आपण काय करावे?

कोणी मरणाची भाषा बोलू लागले तर अ‍ॅप उघडून देण्याची ती वेळ नव्हे. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके दूर ठेवावीत, १४४१६ वर बोलावे आणि त्याला रुग्णालयात न्यावे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट ओझे हलके होते.

एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले, मग पुढची वाट दाखवली. आपल्या धर्मग्रामातील बरे झालेल्या तरुणाकडेही आपण असेच जावे. रिपोर्ट कसा आला, हे सगळेच विचारतात. रात्री झोप लागते का, हे आपण विचारावे. तो अ‍ॅप वापरत असेल तर आठवड्यातून एकदा शेजारी बसून 'या आठवड्यात काय जमले?' एवढे म्हणावे. आणि या रविवारी १४४१६ हा क्रमांक चर्चच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. ज्याला तो हवा आहे, तो मागायला येणार नाही, जाता-येता वाचेल.