ऑल ऑफ अस ऑर नन
ऑल ऑफ अस ऑर नन ही अमेरिकेतील माजी कैद्यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली नागरी हक्क संघटना आहे. डॉर्सी नन हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत.

अमेरिकेच्या संविधानातील तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी रद्द केली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा ठेवली. कॅलिफोर्नियाच्या संविधानातही असाच अपवाद आहे. त्यामुळे नेमून दिलेले काम नाकारणाऱ्या कैद्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा अपवाद वगळण्यासाठी संघटनेने प्रचार केला. परंतु नोव्हेंबर २०२४ मधील मतदानात 'प्रस्ताव ६' फेटाळला गेला. त्याच दिवशी नेवाडाच्या मतदारांनी तशीच दुरुस्ती स्वीकारली. कोलोरॅडोने ती २०१८ मध्येच केली होती. तरीही सक्ती सुरूच असल्याचा दावा करत तेथील कैद्यांनी २०२२ मध्ये न्यायालयात दाद मागितली.