पाळीचं पंचांग

लग्नाला दोन वर्षं होत आली, नात्यातल्या प्रत्येक कार्यात 'काय, काही विशेष?' विचारून झालं, की जोडपी एक आकडा पाठ करतात. चौदा. पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं, तेवढा दिवस साधला की झालं. मैत्रीण हेच सांगते, मोबाइलमधलं ॲप हेच दाखवतं, शाळेच्या पुस्तकातली आकृतीही हेच शिकवते. आकडा खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे. त्यावर विसंबलेली कित्येक जोडपी दर महिन्याला एक-दोन दिवस उशिरा पोचतात आणि दोष मात्र नशिबाला देतात.

निगाताचे डॉक्टर आणि उलटी मोजणी

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अनेक डॉक्टरांची समजूत अशी होती, की दिवस राहण्याची शक्यता पाळीच्या आसपास सर्वांत जास्त असते. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्त जातं, त्यावरून माणसाचंही तसंच असणार, हा तर्क. तो साफ चुकीचा होता. त्याला ठोस उत्तर दिलं जपानमधल्या निगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते बायकांचे बीजकोश बारकाईनं पाहत आणि त्यांची सांगड त्यांच्या पाळीच्या तारखांशी घालत. 1924 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या आधी 12 ते 16 दिवस. मोजणी मागच्या पाळीपासून पुढे करायची नाही, तर येणाऱ्या पाळीपासून मागे करायची. ऑस्ट्रियातले हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे साधारण याच निष्कर्षापर्यंत पोचले.

या उलट्या मोजणीत सगळी गोम आहे. बीज सुटल्यानंतरचा पाळीपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत दोन आठवड्यांच्या आसपास राहतो. कमी-जास्त होतो तो आधीचा काळ, बीज पिकण्याचा. म्हणून 28 दिवसांची पाळी असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल, 35 दिवसांची असेल तर एकविसाव्याच्या आणि 24 दिवसांची असेल तर दहाव्याच्याच आसपास. परीक्षा, प्रवास, आजारपण, जागरण यांनी पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा बीज सुटायलाच उशीर झालेला असतो.

ओगिनोंना हे शोधायचं होतं ते मूल हवं असलेल्या जोडप्यांसाठी. जगानं ते वापरलं मूल टाळण्यासाठी. त्याला भारतही अपवाद नव्हता. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना संततिनियमनाची साधनं पसंत नव्हती. त्यामुळे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं म्हैसूर राज्यातल्या रामनगरम आणि दिल्लीतल्या लोदी कॉलनीत 'सुरक्षित दिवसां'चा प्रयोग झाला. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. पण माळेतले मणी ठरलेले आणि पाळी मात्र दर महिन्याला थोडी हलणारी, त्यामुळे हा मार्ग फारसा चालला नाही. आजचं ॲप हे याच माळेचं नवं रूप. ते पाळीचं पंचांग आहे: मागच्या तारखांवरून पुढचं गणित मांडतं, या महिन्यात शरीरात काय चाललंय ते त्याला कळत नाही.

मोलाचे सहा दिवस, तेही आधीचे

1995 साली ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. मूल हवं असलेल्या 221 निरोगी बायकांनी रोज सकाळच्या लघवीचा नमुना जपून ठेवला आणि शरीरसंबंधांची नोंद केली. लघवीतल्या हार्मोन्सवरून बीज कोणत्या दिवशी सुटलं, ते ठरवलं गेलं. दिवस राहिले ते फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधीच्या एका संबंधातून शक्यता साधारण 10 टक्के, बीज सुटण्याच्या दिवशी साधारण 33 टक्के. बीज सुटून गेल्यानंतरच्या संबंधांतून कुणालाच दिवस राहिले नाहीत.

कारण साधं आहे. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. शुक्रजंतू मात्र गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या पातळ स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे बीज येण्याआधी ते तिथे हजर असणं महत्त्वाचं. 'आज बीज फुटलं' असं कळल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हाती फार थोडे तास उरतात.

याच गटानं 2000 साली आणखी एक गोष्ट दाखवली. हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतील, अशा बायका साधारण 30 टक्केच होत्या. ज्यांची पाळी नियमित होती, त्यांच्यातही हे दिवस मागे-पुढे होत होते.

शरीराच्या खुणा

सर्वांत स्वस्त खूण बाजारात मिळत नाही. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्यानं पन्नाशीच्या दशकापासून तिचा अभ्यास केला. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात, मग स्राव चिकट आणि दाट होतो, आणि बीज सुटायच्या आधी दोन-चार दिवस तो पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत ताणला तर तार धरणारा होतो. हेच मोलाचे दिवस. आपल्याकडे मात्र अनेक बायका त्याला 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणतात आणि औषध आणायला निघतात. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा फाटलेला किंवा हिरवट-पिवळा स्राव असेल तर डॉक्टरकडे जावं. स्वच्छ, तार धरणारा स्राव हा आजार नव्हे.

दुसरी खूण तापमानाची. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि सकाळी उठल्या उठल्या घेतलेलं तापमान साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसनं चढतं. पण ते चढतं बीज सुटून गेल्यावर. म्हणजे या महिन्याची वेळ साधायला ते उपयोगाचं नाही. दोन-तीन महिने तक्ता ठेवला तर आपलं बीज साधारण कधी सुटतं आणि सुटतं का, याचा अंदाज येतो. रात्रपाळी, ताप, तुटक झोप असेल तर हा तक्ता फसतो.

तिसरी खूण लघवीतल्या एलएच या हार्मोनची. त्याची पातळी एकदम उसळते आणि साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, 1978 साली जन्मलेली लुईझ ब्राऊन, याच उसळीमुळे शक्य झालं. पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी लुईझच्या आईला बीज वाढवणारी औषधं दिली नव्हती. तिच्या लघवीतलं एलएच पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी बीज काढण्याची वेळ ठरवली. तीच तपासणी आज मेडिकलच्या दुकानात पट्टीच्या रूपात मिळते.

पट्टी कधी सुरू करायची? आपल्या सर्वांत लहान पाळीचे दिवस घ्या, त्यातून 17 वजा करा, त्या दिवसापासून. 28 दिवसांची पाळी असेल तर अकराव्या दिवसापासून. रोज साधारण एकाच वेळी तपासा आणि आधीचे दोन तास भरपूर पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा अधिक गडद झाली, तर तो दिवस आणि दुसरा दिवस महत्त्वाचे. मात्र पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असेल तर एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं आणि पट्टी उगाच होकार देत राहते.

डॉक्टरांकडची फॉलिक्युलर स्टडी म्हणजे नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड केलेली योनीमार्गातून सोनोग्राफी. बीज जिच्यात पिकतं ती पुढे गेलेली बीजपुटिका रोज साधारण 2 मिलिमीटरनं वाढते, 18 ते 24 मिलिमीटरची झाली की फुटते. औषधं चालू असतील किंवा पाळी अनियमित असेल तर तिचा खरा उपयोग. पाळी नियमित असताना पहिल्याच महिन्यापासून तिच्यासाठी रजा आणि पैसे खर्चायची गरज नसते. बीज फुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याचा अंश पुढे दहा-बारा दिवस शरीरात राहू शकतो. त्या काळात घरी केलेली प्रेग्नन्सी टेस्ट खोटा आनंद देऊ शकते.

चौदाच्या आकड्याची एक सख्खी बहीण आहे: 'एकविसाव्या दिवसाची' प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी. ती खरं तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. 35 दिवसांची पाळी असलेल्या बाईनं ती अठ्ठाविसाव्या दिवशी करावी. एकविसाव्या दिवशी केली तर आकडा कमी येतो आणि 'बीजच तयार होत नाही' असा नसता धसका बसतो.

रोज, की दिवसाआड?

विल्कॉक्स यांच्या अभ्यासात याचंही उत्तर आहे. त्या सहा दिवसांत रोज संबंध ठेवले तर त्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता 37 टक्के, दिवसाआड 33 टक्के आणि आठवड्यातून एकदा 15 टक्के. रोज आणि दिवसाआड यांत फरक किरकोळ. 'साठवून ठेवलं तर जोर वाढतो' ही समजूत मात्र महागात पडते. म्हणून पट्ट्या, तक्ते यांचा वीट आला असेल तर सोपा मार्ग असा: पाळी थांबल्यावर दिवसाआड जवळ या आणि पुढची पाळी दोन आठवड्यांवर येईपर्यंत ते चालू ठेवा. दिवस चुकण्याची भीती राहत नाही आणि 'आजच' या हुकमाचा ताणही येत नाही. या ताणापायी ऐन वेळी नवऱ्याला अडचण येणं ही दवाखान्यात नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे.

संबंधानंतर पाय वर करून पडून राहण्यानं फायदा होतो, याला पुरावा नाही. थोडं वीर्य बाहेर येणं स्वाभाविक आहे. काही वंगण जेल शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि सम-विषम तिथींचं काय? सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हा समज मनुस्मृतीइतका जुना आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात संबंधाच्या दिवसाचा आणि बाळ मुलगा की मुलगी याचा काहीही संबंध आढळला नाही. शिवाय महाराष्ट्रानं 1988 साली देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 साली केंद्राचा कायदा आला आणि लिंगनिवडीची जाहिरात करणं हा आज गुन्हा आहे.

नवऱ्याचा रिपोर्ट

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत असतं. तरीही आपल्याकडे बाईची सोनोग्राफी होते, बीजवाहक नळ्या तपासायचा एक्स-रे होतो, कधी कधी दुर्बीण घालून होते, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी 'बघू पुढे' म्हणून राहते. ती सर्वांत स्वस्त आणि विनावेदना तपासणी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. एक रिपोर्ट वाईट आला तर तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. म्हणून कडक ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने दिसतो. तंबाखू-गुटखा सोडल्याचा फायदाही तितक्याच काळानं दिसू लागतो. जिममध्ये सहज मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शरीर पिळदार करतात, पण शुक्रजंतू तयार होणं बंद पाडू शकतात. ही गोष्ट लग्न ठरलेल्या प्रत्येक तरुणाला माहीत हवी.

आधीची तयारी आणि डॉक्टरांची वेळ

फॉलिक ॲसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी चालू करावी. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांत बंद होते, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि थॅलेसेमिया यांची तपासणी करून घ्यावी. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या जोडप्यांनी सिकलसेलचीही. रुबेलाची लस घेतली तर महिनाभर थांबावं. पीसीओएस आणि जास्त वजन असेल तर वजन पाच ते दहा टक्के उतरल्यावर अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं.

सगळं नीट असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता 20 ते 25 टक्केच असते. वर्षभरात मात्र दहांतल्या आठांहून अधिक जोडप्यांना यश येतं. त्यामुळे बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, 35 नंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरकडे जावं, आणि चाळिशीत थांबूच नये. पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांपेक्षा उशिरा येत असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पोटाची शस्त्रक्रिया किंवा क्षयरोग होऊन गेला असेल, तर वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्या देशात बीजवाहक नळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हे महत्त्वाचं कारण आहे. नळ्या बंद असतील तर कितीही अचूक साधलेला दिवस वाया जातो.

म्हणून चौदाचा आकडा डोक्यातून काढा, आपल्या पाळीच्या तीन-चार महिन्यांच्या तारखा लिहून काढा, बीजाची वाट न पाहता त्याच्या आधी पोचा. आणि दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर पहिल्याच भेटीत दोघांनी जा आणि दोघांच्याही तपासण्या त्याच आठवड्यात करून घ्या.