धडधडीचं खापर पित्तावर

अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, रात्री नऊनंतर स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडे जरा वेळ उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘पित्ताची गोळी द्या हो, छातीत जळजळतंय. धडधडतंयसुद्धा.’ केमिस्ट काहीही न विचारता पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली स्ट्रिप काढतो. गिऱ्हाईक समाधानाने रिक्षात बसतं. जळजळीचं काय व्हायचं ते होतं; पण ‘धडधडतंयसुद्धा’ हे वाक्य कुणी ऐकलेलंच नसतं.

जळजळ आणि धडधड एकत्र यावी हा योगायोग नव्हे. अन्ननलिका छातीतून खाली उतरताना हृदयाच्या डाव्या कर्णिकेला पाठीमागून जवळजवळ चिकटून जाते. मधलं अंतर काही मिलिमीटरचं. हृदयरोगतज्ज्ञ या शेजाराचा उपयोगही करतात. कर्णिकेत रक्ताची गुठळी आहे का हे नीट पाहायचं असेल तर सोनोग्राफीची नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. कर्णिकेची लय बिघडली म्हणून आतून डाग देण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ॲब्लेशन, करताना तर अन्ननलिका भाजू नये म्हणून तिच्यात तापमान मोजणारी तार ठेवतात आणि नंतर काही आठवडे रुग्णाला ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या देतात.

दुसरा धागा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा. मेंदूतून निघालेली ही लांबलचक नस हृदयालाही जाते आणि जठरालाही. जठर तट्ट फुगलं किंवा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिड झोंबलं की तिच्यामार्फत हृदयापर्यंत खबर पोचते. ठोके मंदावू शकतात, मधेच एखादा जादा ठोका पडू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच पोटातल्या गॅसमुळे होणाऱ्या अशा हृदयतक्रारींचं वर्णन केलं होतं. पुढे फ्रान्सच्या फिलिप कूमेल यांनी दाखवलं की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची लय पूर्ण विस्कटणं, काही रुग्णांत नेमकं रात्री किंवा भरपेट जेवणानंतर सुरू होतं, आणि त्यामागे हीच व्हेगस असते.

पण म्हणून ‘पित्तामुळे हृदय बिघडतं’ असं छातीठोकपणे म्हणता येईल का? तैवानमधल्या राष्ट्रीय विमा नोंदींच्या 2012 सालच्या अभ्यासात रिफ्लक्सच्या, म्हणजे ॲसिड वर अन्ननलिकेत येण्याच्या, रुग्णांना एट्रियल फिब्रिलेशन होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जास्त आढळली. अमेरिकेत मिनेसोटातल्या पाहणीत मात्र जळजळ वारंवार होते म्हणून धोका वाढल्याचं दिसलं नाही. माझ्या मते नातं आहे, पण दूरचं. जवळचे नातेवाईक वेगळे आहेत: पोटाचा घेर, दारू, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. हे सगळे एकाच वेळी पित्तही वाढवतात आणि ठोकेही बिघडवतात.

उपनगरातला दिवस तर या दोन्हींसाठी आखल्यासारखा. सकाळी रिकाम्या पोटी चहा, दुपारी डबा घाईत, संध्याकाळी स्टेशनवर वडापाव. चर्चगेटहून बोरिवली गाठून घरी पोचायला नऊ, जेवायला दहा, आणि अकराला आडवं. जड जेवणानंतर जठर रिकामं व्हायला काही तास लागतात. आपण त्याला तासभरही देत नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीत बटरमध्ये न्हायलेला डोसा खाऊन लगेच झोपणाऱ्याला काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांना इथे अर्धे गुण द्यावे लागतील. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं आणि ॲसिड वर यायला वाव कमी मिळतो, हे तपासण्यांतही दिसलं आहे. गंमत अशी की त्याच कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं, त्यामुळे धडधड जास्त जाणवते. अशा वेळी घाबरून जाण्यापेक्षा उशाकडची बाजू वीतभर उंच करावी आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटपावं. ज्यांची शेवटची लोकल साडेनऊची, त्यांनी निदान मोठं जेवण दुपारी घ्यावं.

आता पुन्हा त्या स्ट्रिपकडे. नियमाप्रमाणे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये. तिच्यातलं डोम्पेरिडोन काही जणांत हृदयाच्या ठोक्याचा विद्युत टप्पा लांबवतं आणि क्वचित लय जीवघेणी बिघडवू शकतं. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2014 साली त्याचा डोस आणि मुदत कमी केली: 10 मिलिग्रॅम, दिवसातून फार तर तीनदा, तेही साधारण आठवडाभरच. ॲझिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सोबत चालू असेल तर जोखीम वाढते. याच कुळातल्या सिसाप्राइडवर भारतात 2011 मध्ये बंदी आली. पँटोप्राझोलसारख्या गोळ्याही महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम कमी म्हणजे ठोके चुकायला निमंत्रण. अमेरिकेच्या नियामकाने हा इशारा 2011 मध्येच दिला होता. म्हणजे धडधडीसाठी घेतलेली गोळीच कधीकधी धडधडीचं कारण ठरते! तरीही डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध परस्पर बंद करू नका, त्यांना विचारा.

इनो घेतलं, मोठा ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक, हा समज सगळ्यांत घातक. हृदयाचं दुखणंही अँटासिडनंतर कमी झाल्यासारखं वाटू शकतं; त्यावरून निदान होत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो आणि ते आपल्याकडे तुलनेने तरुण वयात दिसतं, अनेकदा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झाल्यामुळे. झडपांमुळे झालेल्या अशा बिघाडाचा पित्ताशी काही संबंध नाही.

अधूनमधून एखादाच ठोका चुकतो, तो बहुधा निरुपद्रवी. मनगटावरची नाडी अर्धा मिनिट बोटांनी पाहा. ती काही ताळतंत्र नसल्यासारखी, कधी जलद कधी संथ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. धडधडीबरोबर छातीत दाब, घाम, धाप किंवा चक्कर असेल तर केमिस्ट नाही, 108 ला फोन. एरवी ईसीजी धडधड थांबल्यावर काढला तर तो हमखास ‘नॉर्मल’ येतो आणि पित्ताचा शिक्का पक्का होतो. म्हणून तो धडधड चालू असतानाच काढून घ्या. राजावाडी, कूपर किंवा घराजवळचं कुठलंही रुग्णालय चालेल. धडधड वारंवार होत असेल तर डॉक्टरांना चोवीस तासांच्या होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्राबद्दल, विचारा. आणि ईसीजीच्या कागदावर काय खाल्लं होतं, कुठल्या गोळ्या चालू होत्या, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.