व्यवहार-लॉग व त्याची साठवणक्षमता

संगणकावर होणाऱ्या व्यवहारांतील बदलांची, ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने ठेवलेली नोंद म्हणजे व्यवहार-लॉग होय. पेढीवरील रोजकीर्दीशी त्याचे साम्य आहे : रोजकीर्दीतील नोंद आधी होते व खतावणी मागाहून. बँका, रेल्वे-आरक्षण इत्यादींच्या प्रणालींत लॉगसाठी सतत पुरेशी जागा उपलब्ध ठेवणे अत्यावश्यक असते.

कार्य : रत्नागिरी स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर तिकीट घेतले असता दूरच्या केंद्रातील संगणकात शायिका राखून ठेवणे, प्रवाशाचे नाव नोंदणे व रक्कम जमा करणे असे अनेक बदल होतात. ते सर्व व्हावेत अथवा एकही होऊ नये, असा नियम असतो. मध्येच वीज गेल्यास संगणक पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो. पूर्ण झालेल्या व्यवहारांचे बदल कायम करतो व अर्धवट राहिलेल्यांचे रद्द करतो. म्हणून लॉगमधील नोंद चकतीवर आधी लिहिली जाते आणि त्यानंतरच व्यवहार पूर्ण झाल्याचे कळविले जाते. या तत्त्वावरील ‘एरीज’ ही पद्धती चं. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेतून १९९२ मध्ये प्रसिद्ध केली.

जागेचा पुनर्वापर : लॉगची जागा बहुधा चक्राकार वापरली जाते. स्मृतीतील बदल ठरावीक काळाने मूळ चकतीवर उतरवून चेकपॉइंट नोंदविला जातो. त्यामुळे त्यापूर्वीच्या बऱ्याच नोंदींची गरज उरत नाही. मात्र सर्वांत जुना अपूर्ण व्यवहार, संग्रहात न गेलेला भाग आणि दूरच्या पर्यायी केंद्राकडे न पोहोचलेला भाग यांमुळे जुन्या नोंदी अडकून राहतात. एकच रेंगाळलेला व्यवहारही संपूर्ण लॉग भरण्यास कारण होऊ शकतो. लॉग भरला की नवी नोंद करता येत नाही, म्हणून व्यवहारच थांबतात.

क्षमतानिश्चिती : सरासरीपेक्षा गर्दीचा काळ विचारात घ्यावा लागतो. कोकणात गणेशोत्सवाच्या गाड्यांचे आरक्षण खुले होते तेव्हा मागणी एकवटते. समजा, सेकंदाला १०० व्यवहार होतात व प्रत्येकाच्या नोंदी ४ किलोबाइट भरतात. तर तासाला सु. १·४४ गिगाबाइट आणि ८ तासांत सु. ११·५ गिगाबाइट जागा लागेल. यांशिवाय अपूर्ण व्यवहार रद्द करतानाही नोंदी लिहाव्या लागत असल्याने काही जागा राखीव ठेवतात.

संपर्कखंड किती काळ टिकेल, हाही महत्त्वाचा घटक होय. ३ जून २०२० रोजीचे निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ रोजीचा चिपळूणचा महापूर यांच्या वेळी रत्नागिरी जिल्ह्याच्या काही भागांत वीज व दूरसंचार सेवा खंडित झाल्या. अशा प्रसंगी मुख्य व पर्यायी केंद्रांतील दुवा तुटल्यास न पाठविलेल्या नोंदी मुख्य केंद्रात साठत जातात. त्यामुळे क्षमता काही तासांची नव्हे, तर संभाव्य खंडाएवढी ठेवणे इष्ट ठरते.

उपाय : ठरावीक मर्यादेपर्यंत लॉग भरताच इशारा मिळण्याची सोय करणे, रेंगाळलेले व्यवहार बंद करणे, संग्रहण वेळेवर करणे व अधिक चकत्या जोडणे हे नेहमीचे उपाय होत. जागा मोकळी करण्यासाठी चालू लॉग हाताने पुसणे मात्र घातक ठरते. कारण त्यानंतर बिघाड झाल्यास ग्राहकाच्या पैशांचा व तिकिटाचा पुरावाच नाहीसा होतो. याच कारणासाठी लॉगच्या दोन प्रती निरनिराळ्या चकत्यांवर ठेवण्याची पद्धत आहे.