आत्या की आंटी?



आमच्या सिंगापुरात भाजीवाली आंटी, लिफ्टमध्ये भेटणारी शेजारीण आंटी, शाळेच्या कँटीनमधली बाई आंटी आणि बापाची सख्खी बहीण, तीही आंटीच! आम्ही कधी कुणाला टोकलं नाही. पोरं मानाने हाक मारतात, बस्स, असं म्हणत आलो.

पण मागे आमची भाची तपासणीला गेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झालाय का? ती म्हणाली, "एका आंटीला." "रक्ताच्या नात्यातली?" पोरगी गप्प. संध्याकाळी तिचा आम्हाला फोन आला, "आंटी, तू माझी नक्की कोण गं?"

"तुझ्या बाबांची बहीण. तुझी आत्या."

ऑपरेशन आमचंच झालं होतं. पुष्कळांना वाटतं, हा आजार आला तर आईकडूनच येतो. तसं नाही. असा दोष बापाकडूनही येतो, म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच डॉक्टरांना सांगायचा असतो. इतकी वर्षं नर्सिंग केलं, आणि घरातल्या पोरीला एक शब्द दिला नाही, याचं वाईट वाटलं.

तर हा शब्द लिहायचा आत्या, त ला य जोडून. बोलताना कुणी आते म्हणतात, कुणी आत्ये. तिची मुलं आतेभाऊ, आतेबहीण. मावशीची मुलं मावसभाऊ, मावसबहीण.

मावशी आली संस्कृत मातृष्वसा, म्हणजे आईची बहीण, यावरून. बापाच्या बहिणीला संस्कृतात पितृष्वसा म्हणतात, पण मराठीने तो शब्द घेतला नाही. आत्याचं गोत्र दक्षिणेकडे दिसतं. तमिळमध्ये बापाची बहीण अत्तै. कानडीत अत्ते म्हणजे आत्या आणि सासूही. आपल्याकडेही गावच्या सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत. आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देण्याची चाल होती, तिची ही खूण. तमिळ ही सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी एक, तेव्हा आत्याची बहीण इथे शेजारीच राहते म्हणायची!

चिनी शेजारीही हा फरक पाळतात. बापाची बहीण गूगू, आईची बहीण आयी. हे आयी मात्र ते कुठल्याही बाईला म्हणतात, आपल्या आंटीसारखंच.

इस्राएलमधल्या वाचकांनी हसू नये. तुमच्या हिब्रूत तरी काय? आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या दोदा! निर्गमाच्या 6व्या अध्यायात 20व्या ओवीत अम्रामने योखेबेदशी लग्न केलं, ती त्याची दोदा. तिथे दोदा म्हणजे बापाची बहीण, आपली आत्या. म्हणजे आपल्या मोशेची आई ही त्याच्या बापाची आत्या होती. पुढे लेवीयच्या 18व्या अध्यायात असं लग्न मना केलं.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अशी म्हण आहे. मिशा नाहीत, तेव्हा आत्याच म्हणा.

बाळांनो, एक काम करा. कागदावर मधे आपलं नाव लिहा. एका बाजूला बाबांची माणसं, दुसऱ्या बाजूला आईची. प्रत्येकाला मराठी नातं लिहा, आणि कुणाला कसला आजार होता तेही आजीला विचारून लिहा. आजी आहे तोवर विचारा.

आमच्या भाचीने असा कागद केलाय. आता ती फोनवर "आत्या" म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही.